अकरा वर्षांनी पुन्हा लसीची पेटी उचलायची असेल तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही २००३ साली एएनएम, म्हणजे साहाय्यक परिचारिका-प्रसविका झालात. २००५ पासून उपकेंद्रावर कंत्राटी ‘सेकंड एएनएम’ म्हणून होतात. २०१४ मध्ये धाकटा अंगावर पीत होता आणि सासूबाईंना अर्धांगवायू झाला, म्हणून नोकरी सोडली. आता तुमचं वय ४२, मुलं मोठी झालीत, सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. काम परत गावातलंच हवंय, वॉर्डातलं नाही. विचारलंय ते मुख्यतः दोन गोष्टींबद्दल: कोणता रिफ्रेशर कोर्स केला म्हणजे परत घेतील, आणि इंजेक्शन देताना हात थरथरेल का.

मी आरोग्य सेविका म्हणून लागले आणि एलएचव्ही, म्हणजे सेविकांची पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात खंड पडून परत आलेल्या तिघी माझ्या देखरेखीखाली काम करून गेल्या. त्यातली एकजण दोन महिन्यांत निघून गेली, एक जेमतेम टिकली, आणि तिसरीच्या उपकेंद्राची ड्यू लिस्ट, म्हणजे लस द्यायच्या बाळांची यादी, पुढे मी नव्या पोरींना नमुना म्हणून दाखवायचे. तिघींचं शिक्षण सारखंच होतं. फरक कुठे पडला ते पुढे येईलच.

आधी एक गैरसमज दूर करते. ‘परत येणाऱ्या परिचारिकांसाठी’ असा एखादा ठरलेला सरकारी कोर्स असतो, तो केला की दार उघडतं, असं आपल्याकडे नाही. ब्रिटनमध्ये आहे. तिथे तीन वर्षांत ४५० तासांचं काम दाखवता आलं नाही तर नोंदणी चालू ठेवता येत नाही, आणि परतण्यासाठी विद्यापीठातून वेगळा अभ्यासक्रम असतो. आपल्याकडे नर्सिंग कौन्सिल नोंदणी बघते, भरती करणारा जाहिरातीतल्या अटी बघतो, आणि तुम्हाला काम येतं का हे मात्र पहिल्या सत्राला अंगणवाडीत समजतं. त्यामुळे पाच-सात हजार घेऊन ‘कम्युनिटी नर्सिंग रिफ्रेशर’चं रंगीत प्रमाणपत्र देणारं कुणी भेटलं, तर पैसे देण्याआधी एवढंच विचारा की हे प्रमाणपत्र कुठल्या जाहिरातीत ग्राह्य धरतात. उत्तर मिळणार नाही.

म्हणून कोर्सचं थोडं बाजूला ठेवू आणि नोंदणीपासून सुरुवात करू, कारण ती नसेल तर पुढचं सगळं फुकट.

महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. तुमची शेवटची कधी केली हे तुम्ही लिहिलेलं नाही. २०१४ नंतर केली नसेल तर ती लॅप्स आहे असंच धरून चाला. घाबरू नका, लॅप्स झालेली नोंदणी उशिराचं शुल्क भरून आणि सातत्यपूर्ण शिक्षणाचे, म्हणजे सीएनईचे तास दाखवून पुन्हा चालू होते. किती तास आणि किती शुल्क हे तुमच्या खंडाच्या लांबीवर आणि त्या वेळच्या परिपत्रकावर ठरतं. ते मैत्रिणीला विचारू नका, थेट कौन्सिलला विचारा. सीएनईच्या कार्यशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी नर्सिंग कॉलेजांत होतात. जिला कौन्सिलची मान्यता आणि क्रेडिट आहे अशीच निवडा.

आता एक गोष्ट जी कुणी आधी सांगत नाही आणि जिच्यात बायका महिनोन्‌महिने अडकतात: नाव. तुमचं एएनएमचं गुणपत्रक माहेरच्या नावाचं असणार, आधार सासरच्या नावाचं, कंत्राटी ऑर्डरवर तिसरंच काहीतरी, बहुतेक वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकलेली. माझ्या त्या तिघींपैकी दोघींचं घोडं इथेच अडलं होतं. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर आधी तो काढा, गरज पडली तर नावबदलाचं राजपत्र करा, आणि मग नूतनीकरणाला लागा. उलट्या क्रमाने केलं तर फाइल परत येते. राष्ट्रीय पातळीवर परिचारिकांच्या ऑनलाइन नोंदीचीही व्यवस्था आहे, तीत आधार लागतं, तिथेही नावाचाच घोळ होतो.

त्याच फाइलमध्ये जुन्या ऑर्डरी लावा. कंत्राटी काम अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरींवर चालायचं, मधे एक-दोन दिवसांचा खंड दाखवायचे, हे तुम्हाला माहीतच आहे. अनुभवाचा दाखला मागताना सगळ्या ऑर्डरींच्या तारखा एका कागदावर लिहून न्या. तुम्ही सोडल्यानंतर तिथले तीन तरी तालुका आरोग्य अधिकारी बदलले असतील, त्यांना तुम्ही आठवणार नाही. कागद आठवतो.

आता वय. इथे माझं उत्तर तुमच्या प्रवर्गावर अवलंबून आहे आणि तो तुम्ही लिहिला नाही. जिल्हा परिषदेच्या कायम पदासाठी, ज्याचं जाहिरातीतलं नाव ‘आरोग्य सेवक महिला’ किंवा ‘आरोग्य परिचारिका’ असं असतं, कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३. तुम्ही खुल्या प्रवर्गात असाल तर तो विषय मनातून काढून टाका, त्यावर झुरू नका. राखीव असाल तर तुमच्या हातात एखादं वर्ष आहे, आणि वय कुठल्या तारखेला मोजणार हे जाहिरातीत दिलेलं असतं, ते आधी वाचा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागांच्या अटी जाहिरातीगणिक बदलतात, वयाच्या आणि अनुभवाच्या गुणांच्याही. एका जिल्ह्यात नाही म्हटलं म्हणून शेजारच्या जिल्ह्यातही नाही असं समजू नका.

‘समुदाय आरोग्य अधिकारी’, म्हणजे सीएचओ होता येईल का, असंही तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. नुसत्या एएनएमवर नाही. त्याला जीएनएम (परिचारिकेची पदविका), बीएस्सी नर्सिंग किंवा बीएएमएस लागतं आणि वर सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. जीएनएमच्या प्रवेशाला एरवी ३५ वर्षांची मर्यादा आहे, पण नोंदणीकृत एएनएमला ती लागू नाही, हे फार जणींना ठाऊक नसतं. तेव्हा दार बंद नाही. पण तीन वर्षं पूर्णवेळ, वीस वर्षांच्या मुलींच्या शेजारी बसून शिकायचं आणि ४५ व्या वर्षी बाहेर पडायचं. घरचा खर्च कोण बघतं यावर ते अवलंबून आहे. माझं विचाराल तर आधी वर्षभर काम करून बघा, मग ठरवा. परत आल्यावर काहीजणींना कळतं की आपल्याला आठवत होतं ते काम नव्हतं, ते वय होतं.

इथवर कागद झाले. आता कामाबद्दल बोलते, कारण तुमची खरी भीती तिथे आहे.

हात थरथरेल का? पहिले दोन-तीन दिवस थरथरेल, मग नाही. नऊ वर्षं ज्या हाताने बाळाच्या मांड्या धरल्या तो हात विसरत नाही. परत आलेल्यांकडून मी ज्या चुका होताना पाहिल्या त्या हाताच्या नव्हत्या. त्या डोक्यात पक्क्या बसलेल्या जुन्या आकड्यांच्या होत्या. नवशिकी विचारते. परत आलेली विचारत नाही, कारण तिला वाटतं मला येतं.

एक प्रसंग सांगते. परत आलेल्यांपैकी एकीला पहिल्याच सत्राला मी शेजारी घेऊन बसले होते. दीड महिन्याचं बाळ आलं. तिने पेंटाची, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीची कुपी उचलली, डाव्या मांडीत व्यवस्थित दिली, ठरल्याप्रमाणे रोटाव्हायरसची आणि पोलिओची तोंडाची लसही दिली. मग आयपीव्हीची, म्हणजे पोलिओच्या इंजेक्शनच्या लसीची कुपी हातात घेतली आणि सवयीने अर्ध्या मिलीची सिरिंज उचलली. मी हात धरला. ही लस उजव्या दंडाला, कातडीच्या आत, ०.१ मिली द्यायची असते. तिला बीसीजी उत्तम द्यायला यायची, म्हणजे कौशल्य होतंच. पण ही लस तिच्या वेळी नव्हती, आणि ‘इंजेक्शनची लस म्हणजे अर्धा मिली’ हे समीकरण पक्कं होतं. बाळाला काही इजा झाली नसती, पण त्या एका हिसक्यात पाच बाळांचे डोस गेले असते, आणि नोंदीत जे लिहिलं असतं ते खोटं ठरलं असतं.

तेव्हा तुमच्या अकरा वर्षांत काय बदललं याची यादी तुम्ही स्वतःच्या हाताने करा. लसीकरणाचं मी थोडं सांगते. तुम्ही गेलात तेव्हा गोवर होता, आता गोवर-रुबेला आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे शाळाशाळांतून त्याची मोहीम झाली, घरात मुलं असल्याने ती तुम्हाला पालक म्हणून आठवत असेल. पोलिओच्या तोंडाच्या लसीत तेव्हा तीन प्रकारचे विषाणू होते, २०१६ च्या एप्रिलपासून दोनच आहेत. त्याच सुमारास इंजेक्शनची पोलिओ लस आली आणि २०२३ च्या जानेवारीपासून तिचा तिसरा डोस नऊ महिन्यांना, डाव्या दंडाला. रोटाव्हायरस आली, न्यूमोकोकल आली. धनुर्वाताची टीटी जाऊन धनुर्वात-घटसर्पाची टीडी आली. याचा अर्थ सहाव्या आठवड्याला एका बाळाला तीन टोचण्या आणि दोन तोंडाच्या लसी, नवव्या महिन्यालाही पुन्हा तीन टोचण्या. तुमच्या काळात एका बाळाला जितका वेळ लागायचा त्याच्या दुप्पट लागतो, आणि आईला समजावायला तिप्पट. ‘एवढ्याशा जिवाला तीन सुया?’ हे वाक्य तुम्हाला दर सत्राला ऐकायला मिळेल. त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा.

उघडलेल्या कुपीचा नियम नीट पाठ करा, कारण इथे परत आलेल्या हमखास गडबडतात. पेंटा, टीडी, तोंडाची पोलिओ, आयपीव्ही, न्यूमोकोकल या उघडलेल्या कुप्या, तारीख-वेळ लिहून आणि शीतसाखळी सांभाळून, २८ दिवसांपर्यंत वापरता येतात. बीसीजी आणि गोवर-रुबेला मात्र विरघळवल्यापासून चार तास, पुढे एक मिनिट नाही. तुमच्या डोक्यात ‘सत्र संपलं की उघडलेलं सगळं फेका’ असेल, तर लस वाया जाईल. आणि कुणीतरी अर्धवट सांगितलं ‘आता सगळं महिनाभर चालतं’, तर त्याहून वाईट होईल. दुसरी चूक पहिलीपेक्षा फार महाग पडते, इतकंच सांगते.

बाकीचं भराभर. गरोदरपणात तेव्हा लोहाच्या शंभर गोळ्या द्यायचो, शंभर मिलिग्रॅमच्या. आता ६० मिलिग्रॅमची गोळी, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, सोबत कॅल्शियम. दोन्ही एका वेळी घ्यायच्या नाहीत हे प्रत्येकीला सांगावं लागतं. साहलीची नळी तोंडाने ओढत बसायचे दिवस गेले, डिजिटल हिमोग्लोबिनोमीटर आला. पाऱ्याचं बीपीचं यंत्रही जवळजवळ गेलंच. दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर मातांची डॉक्टरांकडून तपासणी असते. कुटुंब नियोजनात तांबी आणि माला-एनच्या पलीकडे अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी आणि छाया गोळ्या आल्या. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, आणि बायका नेमक्या हेच उलटं करतात. क्षयरोगात एक दिवसाआड देण्याचे डॉट्सचे खोके आठवतात? ते गेले. आता वजनाप्रमाणे रोज गोळ्या. एखाद्या रुग्णाला तुम्ही जुन्या आठवणीने ‘सोमवार-बुधवार-शुक्रवार’ म्हणालात तर केवढा गोंधळ होईल, विचार करा.

आणि तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी. तुमच्या वेळी उपकेंद्र म्हणजे माता आणि बाळ. आता संध्याकाळी येणारा आजोबा हासुद्धा तुमचाच रुग्ण. हा बदल मला स्वतःला जड गेला होता. आयुष्यभर बायकांशी बोलण्याची सवय, पुरुषाला ‘तंबाखू किती खाता, तोंड उघडा’ म्हणायला सुरुवातीला जीभ अडखळायची.

पण यातला सगळ्यात मोठा बदल औषधांचा नाही. तुम्ही २०१४ ला ज्या उपकेंद्रातून बाहेर पडलात तिथे सिस्टर म्हणजे सर्वेसर्वा होती. पाच हजार लोकवस्ती, डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार, आणि किल्ली तुमच्या कमरेला. आज त्या इमारतीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी असेल आणि टेबलामागे तुमच्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी सीएचओ बसलेली असेल. ती तुम्हाला काम सांगेल. आशाताई, जिला तुम्ही पहिल्यांदा वजनकाटा लावायला शिकवलात, ती आता नवजात बाळाच्या गृहभेटींत, मोबाइलवर नोंदी करण्यात तुमच्या पुढे असेल. ती तुम्हाला शिकवेल, आणि शिकवताना कदाचित थोडं हसेलही.

माझ्याकडून दोन महिन्यांत निघून गेली ती यामुळे. काम तिला येत होतं, तिघींत सगळ्यात सफाईदार हात तिचाच. पण मीटिंगमध्ये सीएचओने सगळ्यांसमोर नोंदीतली चूक दाखवली आणि तिला ते सहन झालं नाही. ‘ही शाळेत होती तेव्हा मी बाळंतपणं करत होते,’ असं ती मला बाहेर येऊन म्हणाली. खरं होतं ते. पण चूकही खरी होती. त्या केंद्रानेही तिला पहिला आठवडाभर कुणाच्या सोबत न ठेवता थेट एकटीला गावावर सोडलं होतं, ते चुकलंच. जिचं काम मी नमुना म्हणून दाखवायचे तिने उलट केलं. तिने पहिल्याच दिवशी आशांना बसवलं आणि म्हणाली, ‘बायांनो, मी अकरावीतून परत पहिलीत आलेय, मोबाइल कसा उघडायचा इथपासून सांगा.’ तिसऱ्या महिन्यापासून त्याच आशा अवघड बाळंतीण दिसली की आधी तिला फोन करायच्या.

आता करायचं कसं. तुम्हाला कुणाच्या तरी सोबत, कामाच्या जागी वेळ घालवायला हवा. मी हे असं करायला सांगते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या: मी पूर्वीची आरोग्य सेविका, नोंदणी नूतनीकरण करतेय, सहा-आठ लसीकरण सत्रं निरीक्षक म्हणून बसण्याची परवानगी द्यावी. काही डॉक्टर आनंदाने हो म्हणतील, माणसांची टंचाई आहेच. काही नाही म्हणतील, आणि त्यांचंही चुकीचं नाही, जबाबदारी त्यांची असते. नाही म्हटलं तर ज्या एएनएम शाळेत शिकलात तिथे जा. तिथल्या स्किल लॅबमध्ये माजी विद्यार्थिनीला दोन-चार दिवस पुतळ्यांवर हात फिरवू देतात, शिक्षिका चांगल्या असल्या तर.

एक अट मात्र पाळा. नोंदणी चालू झाल्याशिवाय आणि हातात ऑर्डर असल्याशिवाय सुई हातात घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. ‘सिस्टर, तुम्हाला येतं की, तेवढी दोन बाळं उरका,’ असं गर्दीत कुणीतरी म्हणणारच. त्या बाळाला काही झालं तर कागदावर तुम्ही कुणीच नसाल. तुम्ही वजन करा, ड्यू लिस्टवर नावं बघा, आयांना अर्धा तास थांबवून घ्या, घरी गेल्यावर ताप आला तर काय करायचं ते सांगा. तेवढ्यानेही निम्मं काम परत अंगात येतं. आणि पेटीकडे बघत राहा: बर्फाचे पॅक फ्रीजरमधून काढून थेट ठेवतात का, की पाण्याचा आवाज येईपर्यंत बाहेर ठेवून मग, कुपीवरचा, उष्णतेने रंग बदलणारा चौकोन कधी बघतात, रिअॅक्शनचा किट कुठे आहे आणि त्यातली अॅड्रेनलिनची मुदत संपलीय का. संशयित अॅनाफिलॅक्सिसला, म्हणजे लसीनंतरच्या जीवघेण्या अॅलर्जीला, आरोग्य सेविकेने स्वतः अॅड्रेनलिनचा पहिला डोस द्यायचा असतो, वयानुसार किती ते किटमधल्या तक्त्यावर असतं. तुमच्या काळात तुम्हाला ही मुभा नव्हती. आता मुभा नाही, कर्तव्य आहे.

बाळंतपणं करायची का, हाही प्रश्न आहे. १०२ आणि १०८च्या रुग्णवाहिका आल्यापासून बऱ्याच ठिकाणी उपकेंद्रात बाळंतपणं जवळजवळ होत नाहीत, पण दुर्गम भागात होतात. तुमची पोस्टिंग तशा भागात झाली तर रुजू झाल्यावर एसबीए, म्हणजे कुशल बाळंतपणाचं प्रशिक्षण मागून घ्या, ते २१ दिवसांचं असतं. मागितल्याशिवाय ते लवकर मिळत नाही. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन दहा युनिट, झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन पाठवणं, या दोन गोष्टींवर हात बसल्याशिवाय रात्री एकटीने बाळंतपणाला उभं राहू नका.

आता जागा. उपकेंद्रच हवं असा हट्ट धरू नका. तुमच्यासारखीला मी पहिल्यांदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे बघायला सांगेन. २०१३ साली याची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली, तुम्ही नोकरीत होतात तेव्हा. पथकात डॉक्टर, औषधनिर्माता आणि एएनएम असते, गाडी असते, अंगणवाड्या आणि शाळा फिरायच्या, काम दिवसाचं. अकरा वर्षांनी परत येणाऱ्या बाईला रात्रीच्या हाका नसलेलं काम हे पहिल्या वर्षी मोठं सुख असतं. शहराजवळ असाल तर नागरी आरोग्य केंद्रं आणि आपला दवाखाना. आणि एक रस्ता, ज्याचा तुम्ही विचारच केला नसेल: घरी जाऊन करायची उपशामक सेवा. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, तिथून घरोघरी पथकं जातात. अशा ठिकाणी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी हेच काम असतं.

तुम्ही लिहिलंय, ‘अकरा वर्षं काहीच केलं नाही.’ ताई, अर्धांगवायू झालेल्या माणसाला दहा-अकरा वर्षं पाठीला एकही जखम न होऊ देता सांभाळणं म्हणजे काहीच नाही? (जखम झाली होती का, हे तुम्ही लिहिलं नाही. झाली असेल तर ती कशी भरून आणली तेही सांगण्यासारखंच.) कौन्सिल ते तास मोजणार नाही, दाखलाही कुणी देणार नाही. पण मुलाखतीत ‘एवढी वर्षं काय करत होता’ असं विचारतात तेव्हा मान खाली घालून ‘घरी होते’ म्हणू नका. दर दोन तासांनी कूस बदलणं, नळीतून भरवणं, लघवीची पिशवी, बीपीच्या गोळ्या चुकल्यावर काय झालं, जे केलं ते नेमकं सांगा. आज गावागावात पक्षाघाताचे रुग्ण आहेत आणि त्यांच्या सुनांना शिकवणारं कुणी नाही. समितीतल्या डॉक्टरांना हे कळतं.

एकत्र सांगायचं तर क्रम असा: आधी नाव जुळवा, मग सीएनई आणि नूतनीकरण, ते चालू असतानाच सत्रांना नुसतं बसणं आणि जुन्या-नव्या आकड्यांची स्वतःची वही, मग जाहिराती. सगळं सुरळीत झालं तर सहा-आठ महिने धरा, नावाचा घोळ असेल तर वर्ष. त्या वर्षात स्कूटी चालवायला शिका, येत नसेल तर. पूर्वी एसटीने आणि पायी फिरायचो, आता गावं तीच पण अपेक्षा वाढल्यात.

आणि डोळे तपासून घ्या. हे हसण्यावारी नेऊ नका. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं. नवजात बाळाला बीसीजी ०.०५ मिली, ती रेघ सिरिंजवर केवढीशी असते ते तुम्हाला आठवत असेल. हात थरथरतोय असं वाटून रडकुंडीला आलेली एक सिस्टर माझ्याकडे होती. हात ठीक होता, तिला रेघच दिसत नव्हती. दीडच्या नंबरचा चष्मा लावला आणि प्रश्न मिटला.

पुढच्या सत्राला गावातल्या आशाताईला विचारून अंगणवाडीत जा. अर्ज, परवानगी हे सगळं नंतर. शेजारचं एखादं बाळ असेल तर त्याच्या आईसोबतच जा, कार्ड मागून घ्या आणि त्यावरचं कुठलं नाव तुम्हाला अनोळखी आहे तेवढं टिपून आणा. इथे लिहा, मी एकेक करून सांगते.